यंत्राच्या डोळ्याला माप शिकवताना

०४०२ या मापाचा रेझिस्टर १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असतो. बोटांत धरता येत नाही, आणि जोरात श्वास सोडला तर टेबलावरून नाहीसा होतो. चिमटा, भिंग आणि चिकाटी असेल तर असे दहा-वीस घटक हाताने बोर्डावर मांडता येतात. एका बोर्डावर दीडशे घटक आणि असे पन्नास बोर्ड म्हटलं, की माणसाच्या हाताचं काम तिथे संपतं आणि पिक-अँड-प्लेस यंत्राचं सुरू होतं.

यंत्राची कल्पना साधी आहे. टेबलाच्या वर दोन दिशांना सरकणारं एक डोकं, आणि त्याला लटकलेली पोकळ नोझल. नोझलमधून हवा ओढली जाते, फीडरमधला घटक तिच्या टोकाला चिकटतो, डोकं बोर्डावर जातं, नोझल खाली उतरते, हवा सुटते, आणि घटक आधीच लावलेल्या सोल्डर पेस्टवर बसतो. सगळे घटक बसले की बोर्ड भट्टीत जातो, पेस्ट वितळते आणि सगळे सांधे एकदम पक्के होतात. या कामाला यंत्राला दोन डोळे असतात. एक कॅमेरा डोक्यावर, खाली पाहणारा. तो बोर्डावरच्या खुणा शोधतो. दुसरा टेबलात बसवलेला, वर पाहणारा. नोझलने उचललेला घटक किती सरकलेला आणि किती फिरलेला आहे हे तो सांगतो.

यामाहा, फुजी, जुकी यांची कारखान्यातली यंत्रं हे काम डोळ्याचं पातं लवेपर्यंत करतात, पण ती छोट्या कार्यशाळेच्या आवाक्याबाहेर आहेत. जेसन व्हॉन निडा यांनी सुरू केलेलं 'ओपनपीएनपी' हे मुक्त सॉफ्टवेअर आलं आणि हौशी मंडळींना स्वतःचं यंत्र बांधायचा रस्ता मिळाला. पुढे स्टीफन हॉझ यांच्या 'ओपुलो'ने 'ल्युमेनपीएनपी' नावाचं यंत्र काढलं. त्याचे आराखडे खुले आहेत आणि बरेच भाग थ्रीडी प्रिंटरवर छापलेले असतात. रेल, पट्टे, स्टेपर मोटर, व्हॅक्यूम पंप हे सगळं बाजारात मिळतं आणि जोडता येतं. यंत्र हलायला लागतं, कॅमेऱ्यात चित्र दिसायला लागतं, आणि बरेच जण नेमके इथेच अडकतात. कॅमेऱ्याला चित्र दिसतं, माप दिसत नाही. त्याला माप शिकवणं म्हणजे कॅलिब्रेशन. त्यासाठी लागणारे तुकडे विकत घ्यायला गेलात तर काचेवर क्रोमियमची नक्षी असलेल्या पट्ट्या दाखवतात आणि त्यांची किंमत ऐकून माणूस गप्प बसतो. हे तुकडे घरी बनवता येतात, आणि चांगले बनवता येतात, हे मला इथे सांगायचं आहे. मात्र ते कशामुळे चांगले होतात याबद्दल बराच गैरसमज आहे.

कॅमेऱ्याला नेमकं काय शिकवायचं असतं ते आधी पाहू. समजा चित्र १२८० पिक्सेल रुंद आहे आणि त्यात बोर्डाचा २५.६ मिलिमीटरचा पट्टा दिसतो. म्हणजे एक पिक्सेल ०.०२ मिलिमीटरचा. पण हा हिशोब एकाच उंचीवर खरा असतो. भिंगापासून बोर्ड ६० मिलिमीटरवर आहे असं धरा. त्याच जागी १.६ मिलिमीटर जाडीचा दुसरा बोर्ड पहिल्यावर ठेवला, तर वरचा पृष्ठभाग भिंगाच्या तेवढाच जवळ येतो आणि चित्रात सगळं सुमारे पावणेतीन टक्क्यांनी मोठं दिसतं. चित्राच्या मधोमध असलेल्या ठिपक्याला याने काही फरक पडत नाही. मध्यापासून १० मिलिमीटरवर असलेल्या ठिपक्याची जागा मात्र ०.२७ मिलिमीटरने चुकते, म्हणजे ०४०२ च्या निम्म्या रुंदीपेक्षा जास्त. त्यात स्वस्त भिंगाचा दोष मिळवा. कडेच्या सरळ रेषा थोड्या फुगतात किंवा आत दबतात, म्हणून मध्यभागी पिक्सेलची जी किंमत असते ती कोपऱ्यात नसते. शिवाय कॅमेरा अगदी काटकोनात बसवलेला नसतो. यातली एकही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. पडद्यावर चित्र स्वच्छ असतं, आणि घटक मात्र पॅडच्या बाहेर पडतात.

कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन एकेकाळी प्रयोगशाळेचंच काम होतं. त्यासाठी एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन-तीन पृष्ठभागांचा, अतिशय काळजीपूर्वक घडवलेला ठोकळा लागे. त्यावरच्या प्रत्येक खुणेची जागा तिन्ही दिशांना माहीत असावी लागे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या झेंगयू झांग यांनी ही गरजच काढून टाकली. त्यांचा निबंध २००० साली प्रसिद्ध झाला. पद्धत अशी: चौकटींची नक्षी प्रिंटरवर छापायची, सपाट पृष्ठभागावर लावायची, आणि ती वेगवेगळ्या कोनांत कॅमेऱ्यासमोर धरून काही फोटो घ्यायचे. कुठल्या फोटोत ती कशी धरली होती हे सांगायची गरज नाही. तो कोन आणि भिंगाचा दोष, दोन्ही गणितातूनच निघतात. त्यांच्या स्वतःच्या प्रयोगात नक्षी १७ सेंटिमीटर चौरसाची होती, चांगल्या प्रिंटरवर छापून काचेवर लावलेली. आज ओपनसीव्ही या संगणकीय दृष्टीच्या लायब्ररीत तीच पद्धत आहे, आणि ओपनपीएनपी ओपनसीव्हीच्याच आधारावर उभं आहे. घरगुती कॅलिब्रेशन ही हौशी लोकांची तडजोड आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्यावं. या शाखेतल्या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या पद्धतीचा पायाच प्रिंटरवर छापलेला कागद आहे.

आपल्या यंत्रात तर याहून सोपं काम होतं. झांग यांच्या पद्धतीत कॅमेरा कुठे आहे हे माहीत नसतं, म्हणून अनेक खुणा असलेली नक्षी लागते. पिक-अँड-प्लेस यंत्रात कॅमेरा स्वतःच मोजून सरकतो. टेबलावर एकच ठिपका ठेवा. डोकं एक मिलिमीटर उजवीकडे न्या, ठिपका चित्रात डावीकडे सरकतो. किती पिक्सेल सरकला ते नोंदवा. असं करत चित्राच्या प्रत्येक भागात तो ठिपका आणा. मग एका ठिपक्यातूनच अख्खी जाळी तयार होते. आता हाच खेळ दुसऱ्या उंचीवरच्या दुसऱ्या ठिपक्याशी खेळा, म्हणजे उंचीनुसार पिक्सेलची किंमत कशी बदलते तेही कळतं. ओपनपीएनपीमध्ये यांना प्राथमिक आणि दुय्यम फिडुशिअल म्हणतात. पहिला बोर्डाच्या पृष्ठभागाच्या उंचीवर, दुसरा वेगळ्या उंचीवर. घरी बनवायचा मुख्य तुकडा हाच: दोन पायऱ्यांचा एक ठोकळा, प्रत्येक पायरीवर एक गोल ठिपका.

हा ठिपका कशाचा करायचा यावर थोडं थांबायला हवं.

सर्वांत सोपा मार्ग कागदाचा. ६०० डीपीआयच्या लेझर प्रिंटरचा एक बिंदू ०.०४ मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या कॅमेऱ्याच्या दोन पिक्सेलएवढा. ठिपक्याची कड थोडी खरबरीत येते. पण खरा प्रश्न कडेचा नाही, कागदाचा आहे. कागद हवेतला ओलावा पितो आणि वाढतो, आणि धाग्यांच्या दिशेत कमी तर आडव्या दिशेत जास्त वाढतो. शंभर मिलिमीटरच्या नक्षीत एक-दोन दशांश मिलिमीटरचा फरक सहज पडतो. उन्हाळ्यात छापलेला चौरस आषाढात किंचित आयत झालेला असतो. एकट्या ठिपक्याला याचं काही वाटत नाही, कारण त्याचा मध्य जागेवरच राहतो. दोन ठिपक्यांमधल्या अंतरावर भिस्त असेल तर मात्र कागद वापरू नये. प्रिंट काचेला सगळीकडून घट्ट चिकटवली तर वाढ बरीच रोखली जाते. झांग यांनी काच घेतली ती काही उगाच नाही.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे तांब्याच्या बोर्डाचा. कॉपर क्लॅड बोर्डाचा तुकडा, त्यावर टोनर ट्रान्सफरने उमटवलेला १ मिलिमीटरचा गोल, आणि फेरिक क्लोराइडमध्ये एचिंग. ज्याने कधी घरी पीसीबी केला आहे त्याला हे सगळं पाठ असतं. द्रावण तांबं वरून खातं तसं बाजूनेही खातं, त्यामुळे ठिपका एकाऐवजी ०.९५ मिलिमीटरचा होतो. नवखा माणूस इथे हिरमुसतो आणि तुकडा फेकून देतो. फेकू नये. द्रावणाने तो सगळ्या बाजूंनी सारखाच खाल्ला आहे, म्हणून व्यास चुकला तरी मध्य चुकलेला नाही, आणि आपल्याला मध्यच हवा आहे. सॉफ्टवेअरही कड मोजत बसत नाही. चित्र कुठल्या बिंदूभोवती सर्वांत जास्त गोलाकार आहे ते शोधतं. काळ्यावर पांढरा असो की पांढऱ्यावर काळा, थोडा कमी व्यासाचा असो की जास्त, तो बिंदू तोच येतो. ज्यांना एचिंग करायचं नाही त्यांनी पुढच्या वेळी कारखान्यात बोर्ड बनवायला टाकताना कोपऱ्यात दोन-चार फिडुशिअल घालून घ्यावेत: १ मिलिमीटरचा तांब्याचा गोल आणि भोवती सोल्डर मास्क नसलेलं रिकामं कडं. फिनिश सोन्याचं घ्यावं. कथिलाचा ठिपका वितळताना घुमटासारखा फुगतो आणि त्यावर दिव्याचा चमकता डाग पडतो. दिवा ज्या बाजूला, डाग त्या बाजूला. आणि मग मध्यही त्या बाजूला सरकलेला सापडतो.

मला विचाराल तर छिद्राचा ठिपका करू नये. ड्रिलने पाडलेलं भोक वरून गोल दिसतं, पण त्याला खोली असते. कॅमेरा तिरका पाहतो तेव्हा भोकाची आतली भिंत एका बाजूने दिसते आणि मध्य फसतो. ठिपका पृष्ठभागावरच असावा.

आता पायरी. १.६ मिलिमीटरच्या बोर्डाचे छोटे चौकोन एकावर एक इपॉक्सीने चिकटवले, सहा थर केले, की साडेनऊ-पावणेदहा मिलिमीटरची उंची मिळते. सर्वांत वरच्या थरावर ठिपका. नेमकी उंची किती आली हे इपॉक्सी पूर्ण सुकल्यावर वर्नियरने मोजायचं आणि तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरायचा. ती बरोबर १० आली पाहिजे असा हट्ट धरण्यात अर्थ नाही, ९.७३ आली तर ९.७३ लिहायचं. वरचा ठिपका इतका उंच नको की कॅमेऱ्याला धूसर दिसेल किंवा सरकती नोझल त्याला धडकेल, आणि इतका खुजाही नको की दोन उंचींमधला फरक मोजमापाच्या चुकीत बुडून जाईल. ठोकळा टेबलाला स्क्रूने पक्का करायचा. दुतर्फी टेपने लावलेला ठोकळा काही दिवसांत हळूच सरकतो, आणि यंत्र त्या सरकण्याचा दोष स्वतःच्या माथी घेतं.

थ्रीडी प्रिंटरवर ठोकळा छापायचा मोह होतो. उंची देण्यापुरता तो चालतो. पण पीएलए मऊ प्लास्टिक आहे. स्क्रूच्या दाबाखाली महिनोन्महिने ते हळूहळू दबत जातं आणि गरम खोलीत लवकर दबतं. मोठ्या पट्टीसाठी तर साहित्याचा विचार करायलाच हवा. २०० मिलिमीटरची पट्टी जानेवारीच्या सकाळी मोजली आणि एप्रिलच्या दुपारी वापरली, तापमानात १५ अंशांचा फरक पडला असं धरा. अॅक्रिलिकची पट्टी साधारण ०.२ मिलिमीटरने वाढते, अॅल्युमिनियमची ०.०७ ने, फायबरग्लासच्या पीसीबीची ०.०४ ते ०.०५ ने, आणि काचेची जेमतेम ०.०३ ने. अॅक्रिलिक दिसायला देखणं आणि कापायला सोपं, पण मोजपट्टीसाठी मी ते वापरणार नाही.

इथे चौकस वाचकाला एक शंका यायला हवी. ठिपक्याचं चित्र किती पिक्सेल सरकलं हे आपण यंत्राच्या सरकण्यावरून ठरवलं. पण यंत्र 'एक मिलिमीटर सरकलो' म्हणतं तो मिलिमीटर खरा कशावरून? २ मिलिमीटर पिचचा पट्टा, २० दात्यांची पुली, मोटरच्या एका फेऱ्याला ४० मिलिमीटर, फेऱ्यात ३२०० सूक्ष्म पायऱ्या, म्हणजे एका पायरीला ०.०१२५ मिलिमीटर, हा झाला कागदावरचा हिशोब. पट्टा ताणलेला असतो, पुली किंचित तिरकी असते. मग यंत्र तपासायला पट्टी लागते, आणि पट्टी घरी केलेली म्हणजे तीही संशयित. कोण कोणाला तपासणार?

हा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याची उत्तरं शोधणाऱ्यांपैकी एकाने काम घरीच केलं होतं. स्वीडनमधल्या एस्किल्स्टुना गावच्या बंदुकांच्या कारखान्यात कार्ल एडवर्ड योहान्सन मापं तपासायचा. त्या काळी प्रत्येक मापासाठी वेगळा गेज करावा लागे. १८९६ मध्ये त्याने १०२ ठोकळ्यांच्या संचाची कल्पना मांडली. हवे ते ठोकळे एकमेकांना चिकटवून १ ते २०१ मिलिमीटरमधलं कुठलंही माप, शतांश मिलिमीटरच्या पायरीने, तयार करता येईल अशी ती रचना होती. एकूण मापं सुमारे २०,०००. ठोकळ्यांचं शेवटचं घासकाम तो घरी करायचा, बायकोच्या शिलाई मशीनमध्ये फेरफार करून. पुढे याच ठोकळ्यांवर जगभरच्या कारखान्यांनी आपली मापं बेतली. त्या संचाची खरी ताकद ठोकळे एकमेकांशी ताडून पाहता येण्यात होती. एक ठोकळा दुसऱ्या दोघांच्या बेरजेसमोर ठेवता येतो, आणि चूक कुठे असेल तिथे ती उघडी पडते.

आपल्या कामात याचं रूप वेगळं आहे, पण तत्त्व जवळचंच. गवंडी पाणसळ विकत घेतो तेव्हा ती खरी आहे का हे दुकानातल्या दुसऱ्या पाणसळीशी लावून पाहत नाही. ती कट्ट्यावर ठेवतो, बुडबुडा कुठे थांबला ते बघतो, मग तिची टोकं उलटी करून त्याच जागी पुन्हा ठेवतो. कट्टा कलता असेल तर बुडबुडा दोन्ही वेळा कट्ट्याच्या त्याच बाजूला जाईल. पाणसळच खोटी असेल तर तो तिच्याबरोबर दुसऱ्या बाजूला जाईल. दोन्ही खोटे असले तरी दोन नोंदींमधून दोघांचा दोष वेगळा काढता येतो. कट्टाही खरा नको आणि पाणसळही खरी नको; पाणसळ उलटी करता यावी आणि मधल्या वेळात काही हलू नये, एवढंच पुरतं.

हे यंत्रावर करून पाहू. चारही कोपऱ्यांवर ठिपके असलेली, १०० मिलिमीटर चौरसाची पीसीबीची पाटी घ्या. यंत्राच्या कॅमेऱ्याने चारही ठिपक्यांच्या जागा नोंदवा आणि दोन्ही कर्णांची लांबी काढा. यंत्राच्या दोन दिशा काटकोनात असतील आणि पाटीही खरा चौरस असेल, तर दोन्ही कर्ण १४१.४२ मिलिमीटर येतील. समजा, डावीकडून उजवीकडे चढणारा कर्ण दुसऱ्यापेक्षा ०.१६ मिलिमीटरने मोठा आला. यात यंत्राचा तिरकेपणा किती आणि पाटीचा किती हे अजून कळत नाही. आता पाटी टेबलावर ९० अंशांत फिरवा आणि पुन्हा मोजा. फिरवल्याने पाटीचे कर्ण अदलाबदल झाले, म्हणून पाटीचा दोष उलट्या चिन्हाने येतो. यंत्र फिरलेलं नाही, त्याचा दोष तसाच येतो. समजा आता फरक ०.१० आला. दोन्हींची सरासरी ०.१३ हा यंत्राचा वाटा. उरलेला ०.०३ पाटीचा. ०.१३ ला १४१.४२ ने भागलं की यंत्राच्या दोन दिशांमधला कोन ९० पासून किती ढळला आहे ते मिळतं: सुमारे ०.०५ अंश, म्हणजे १०० मिलिमीटर लांबीला ०.०९ मिलिमीटर. हा आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरला की यंत्र आपला तिरकेपणा स्वतःच दुरुस्त करत राहतं. आणि पाटीचा दोषही आता आपल्याला माहीत आहे, म्हणून तीच पाटी पुढे भरवशाने वापरता येते.

घरचा तुकडा चांगला कशामुळे होतो ते इथे स्पष्ट होतं. तो अचूक असण्याची गरज नसते. तो स्थिर असावा लागतो, आणि वळवून-उलटवून पुन्हा मोजता यावा लागतो. विकतच्या क्रोमियमच्या पट्टीबरोबर तिचा दोष किती हे सांगणारा कागद मिळतो. घरच्या तुकड्याचा तो कागद आपण यंत्राकडूनच लिहून घेतो.

लांबीच्या बाबतीत मात्र वळवून भागत नाही. पट्टी कशीही फिरवली तरी तिची लांबी तीच राहते. तिथे बाहेरून कोणीतरी मिलिमीटर आणून द्यावाच लागतो. कारखान्यात बनलेल्या पीसीबीवर तांब्याची नक्षी प्रकाशाने छापलेली असते, त्यामुळे ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंतचं अंतर बऱ्यापैकी भरवशाचं असतं. बोर्डाची कड नंतर कापलेली असते, तिच्यापासून कधी मोजू नये. आणि ठिपके शक्य तितके लांब ठेवावेत. ५० मिलिमीटरच्या अंतरात ०.०५ ची चूक असली तर ती दर शंभराला ०.१ होते. अंतर २०० चं असेल तर तीच चूक दर शंभराला ०.०२५ वर येते. शिवाय या जागी थोडी ढिलाई परवडते, कारण प्रत्येक नव्या बोर्डावरचे फिडुशिअल पाहून यंत्र त्या बोर्डापुरतं माप जुळवून घेतंच.

मला सर्वांत आवडणारा तुकडा सर्वांत साधा आहे. कॅमेरा आणि नोझल डोक्यावर शेजारी-शेजारी असतात, आणि त्यांच्यामधलं अंतर शतांशात माहीत असावं लागतं. पूर्वी लोक टेबलावर प्लास्टिसिनचा चपटा गोळा ठेवायचे, नोझल त्यात दाबून खड्डा पाडायचे आणि मग कॅमेरा त्या खड्ड्यावर न्यायचे. अंदाज मिळतो, पण खड्ड्याची कड ओबडधोबड असते. चकतीची युक्ती याहून फार सरस. कार्यालयातल्या पंचने जाड फोटो पेपरची एक गोल चकती पाडा. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी चकती ठेवा. कॅमेरा तिचा मध्य शोधतो. नोझल सध्या माहीत असलेल्या अंतरानुसार तिथे जाऊन ती उचलते. अंतर चुकलेलं असल्याने नोझल मध्यापासून थोडी बाजूला टेकते, समजा ०.१५ मिलिमीटर. नोझल चकतीला १८० अंश फिरवते आणि त्याच जागी खाली ठेवते. चकतीचा मध्य आधी नोझलच्या एका बाजूला होता, आता तेवढाच दुसऱ्या बाजूला गेला. कॅमेरा परत येऊन पाहतो तर चकती ०.३० मिलिमीटर सरकलेली. त्याच्या निम्मं, ०.१५, ही आपली चूक. दिशाही चित्रातच दिसते. चकती अगदी गोल नसली तरी बिघडत नाही, फक्त दरवेळी तिचा तोच मध्य सापडावा. ती सपाट हवी आणि नोझलवर घसरता कामा नये, बस. एका कागदी चकतीने शतांश मिलिमीटरचं माप काढून द्यावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

खालच्या कॅमेऱ्याला वेगळा ठिपका लागत नाही, नोझलचं टोक हाच त्याचा ठिपका. डोकं सरकवत टोक चित्रभर फिरवायचं, दोन उंचींवर. नोझल थोडी वाकडी असतेच. ती स्वतःभोवती फिरते तेव्हा टोक एका बारीक वर्तुळात फिरतं. वेगवेगळ्या कोनांवर टोकाची जागा नोंदवली की त्या वर्तुळाचं केंद्र मिळतं, आणि नोझलचा अक्ष तोच. कोनाकडेही दुर्लक्ष नको: १४ मिलिमीटर चौरसाच्या आयसीत एक अंशाची चूक म्हणजे कडेच्या पायांवर ०.१२ मिलिमीटर, आणि तिथे पायांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरचं असू शकतं. नोझलमागे काय दिसतं हेही महत्त्वाचं. धातूचा चकचकीत होल्डर दिसला तर सॉफ्टवेअर घटकाऐवजी त्याचीच कड पकडतं, म्हणून मागे काळी किंवा हिरवी मॅट चकती लावतात. दिव्यावर ट्रेसिंग पेपर किंवा दुधी अॅक्रिलिकचा पडदा टाकला की प्रकाश चहूबाजूंनी सारखा येतो आणि चमकते डाग जातात. हे सगळं सुरू करण्याआधी एक काम: फोकस लावून झाला की भिंगाची कडी नेलपॉलिशच्या थेंबाने जागीच चिकटवून टाकायची. कॅलिब्रेशननंतर भिंग पाव फेरा फिरलं तर सगळे आकडे बाद.

मग चाचणी. एका रिकाम्या बोर्डावर पारदर्शक दुतर्फी टेप लावा आणि पेस्टऐवजी त्यावर घटक ठेवायला सांगा, काही सरळ, काही ९० अंशांत, काही १८० अंशांत, बोर्डभर पसरून. भट्टीत टाकायचं नाही, कारण वितळलेलं कथिल छोट्या घटकांना पॅडकडे ओढून घेतं आणि आपला दोष झाकून टाकतं. टेपवर तो जसाच्या तसा दिसतो. वरच्या कॅमेऱ्याने एकेक घटक मध्यभागी आणून पाहा. सगळे एकाच दिशेला सारखेच सरकले असतील तर कॅमेरा आणि नोझलमधलं अंतर पुन्हा काढा, चकती घेऊन. घटक फिरवल्यावर सरकण्याची दिशाही फिरत असेल तर दोष नोझलच्या अक्षात किंवा खालच्या कॅमेऱ्यात आहे. सरकणं बोर्डाच्या कडेकडे वाढत जात असेल तर चौकोनी पाटी बाहेर काढा. इथे एक सावधगिरी हवी. बोर्डावरचे तीन फिडुशिअल घेतले असतील तर यंत्राचा तिरकेपणा त्यांच्या हिशोबात मुरून जातो आणि चाचणीत दिसत नाही. म्हणून पहिली चाचणी दोनच फिडुशिअल घेऊन करावी, आणि तीत सगळं जागेवर बसलं की तिसरा जोडावा.